शनिवारचं तेल

लंकाबाई : खोटं बोल असं मी म्हनत न्हाई, पोरी. येवढंच म्हन, की मशीन लई बिघडलंय, न्यायच्या लायकीचं ऱ्हायलं न्हाई.

दिशा : मावशी, मी अजून त्याचं कव्हरसुद्धा काढलं नाही. मी श्रीरामपूरहून आलेय, मला शेवगावच्या छगनशेठनी पाठवलंय. विकत घ्यायच्या आधी एकदा बघून ये म्हणाले. मी बघणार, आणि जे असेल ते त्यांना सांगणार.

लंकाबाई : तुजं काम काय, मशीनी दुरुस्त करायचं ना?

दिशा : हो.

लंकाबाई : मंग बिघडवता बी येत आसंल.

दिशा : येतं. पण त्याचे पैसे कोणी देत नाही. तुमचा मुलगा कुठे आहे?

लंकाबाई : गोरक्ष टेम्पोवाल्याकडं गेलाय. चार वाजता टेम्पो येनार, मशीन जानार. परवा त्यो चाकनला कंपनीत रुजू व्हनार. म्हयनाभरानं माजी सून रेश्मा आन नात बी जातील. आज त्या दोगी तिच्या माह्यारी गेल्यात, सांगायला. मंग ऱ्हायले मी एकटी, ह्या घरात.

दिशा : घराला दार नाही, आणि एकट्या. भीती वाटत असेल.

लंकाबाई : दाराचं कसलं भ्या? शिंगनापुरात जल्म गेला माजा, दार लावून कदी झोपले न्हाई. चोराचं भ्या न्हाई गं. पन दार नसलं म्हनून काय झालं, आत यायला कुनीतरी नको का.

दिशा : बसा मावशी. तुम्ही उभ्या आहात म्हणून मलाही अवघडल्यासारखं होतंय. मशीनला नेमकं काय होतं, ते सांगता का?

लंकाबाई : मी काय सांगू? त्यानं मला हातच लावू दिला न्हाई त्याला. म्हनतो, आई, ते लई नाजूक आसतंय. ही फळी बघ. मोर कोरायला घातला हुता. आंग हितं आन मान तितं.

दिशा : दोन सूत, म्हणजे पाव इंच सरकलाय.

लंकाबाई : अशा चार फळ्या गेल्या सागाच्या. एक तर म्या रांजनावर झाकन म्हनून घातली. पानी काढताना रोज मान मोडलेला मोर बघायचा.

दिशा : आधी नीट चालायचं?

लंकाबाई : दीड वरीस निसतं सुतावानी चाललं. गोरक्षचे वडील पटाशीनं कोरायचे. आमच्या गावात दार नसतंय, म्हनून ज्याची त्याची सगळी हौस चौकटीवर. वेली काय, घंटा काय, हत्ती काय. ते गेले, मंग गोरक्षनं पटाशी घेतली, पन त्याच्या हाताला ती वळली न्हाई. म्हनून हे मशीन आनलं. कॉम्प्युटरात चित्र काढायचं आन ह्यानं कोरायचं. गावात अकरा चौकटी केल्या त्यानं. माज्या घराची ही बी त्याचीच.

दिशा : येताना बघितली. वरची वेल छान आहे.

लंकाबाई : तवा चांगलं चालत हुतं.

दिशा : ठीक. मी एकेक बघत जाते. कोरायचं बिट नवीन आहे, पक्कं बसलंय. वायरीही नवीन दिसतात.

लंकाबाई : वायरी बदलल्या, कॉम्प्युटर बदलला. दोन मेस्त्री येऊन गेले, हितंच भाकरी खाऊन गेले. त्यातला एक म्हनला लाईटीचा दाब कमी पडतो.

दिशा : दाब कमी पडला असता तर रोजच बिघडलं असतं. हे कधी बिघडतं, कधी नाही. याची काही नोंद ठेवलीय का?

लंकाबाई : वही हाय त्याची. थांब. ही घे.

दिशा : तारखा लिहिल्यात, हे चांगलं केलं. सतरा तारीख, "मोर, दोन सूत डावीकडे". मोबाईलमध्ये वार बघते. रविवार. पंचवीस, सोमवार. पुढच्या महिन्यात आठ, रविवार. पंधरा, परत रविवार. मावशी, हे गुरुवार-शुक्रवारी कधीच बिघडत नाही.

लंकाबाई : ते आमाला ठावं हाय.

दिशा : काय ठाऊक आहे?

लंकाबाई : शनवार झाला की बिघडतंय. म्हनून तर गोरक्षनं हाय खाल्ली. म्हनला, आई, देवाला पसंत न्हाई.

दिशा : काय पसंत नाही?

लंकाबाई : दारं. दिवाळीच्या टायमाला त्या छगनशेठनं त्याला काम दिलं. शेवगावात कुनाचा तरी बंगला हाय, त्याला कोरीव दारं पायजे हुती. पयल्यांदाच आमच्या घरात दार झालं. दुसऱ्याच्या घराचं आसंल, पन झालं ना हितंच, ह्या गावात, देवाच्या पायाशी. आन तवापास्नं हे सुरू झालं. देवानंच दाखवून दिलं म्हन.

दिशा : देवाचा राग असता तर गुरुवारी मशीन नीट का चाललं असतं?

लंकाबाई : गुरवार दत्ताचा आसतो.

दिशा : त्याच्यापुढे माझं काही चालणार नाही. मी आपलं हे खालचं रबरी कव्हर काढते. हा लांब आट्यांचा दांडा दिसतो ना, हा स्क्रू. मोटर ह्याला फिरवते आणि त्याच्यावरून वरचं डोकं इकडून तिकडे सरकतं. हा हाताने अगदी सहज फिरायला पाहिजे. बघा, मी फिरवते. फिरत नाही. घट्ट झालाय.

लंकाबाई : गंजला आसंल.

दिशा : गंज नाही. आट्यांमध्ये काहीतरी भरलंय, काळं, डिंकासारखं. भुसा आहे, पण नुसता भुसा नाही. मावशी, ह्याला तिळाचा वास येतोय.

लंकाबाई : लाकडाचा आसंल. सागाला बी वास आसतो.

दिशा : आणि हा दाणा? रेलच्या खाली अडकला होता. उडीद आहे.

लंकाबाई : मी च्या ठिवते.

दिशा : चहा नंतर. बसा तुम्ही.

लंकाबाई : उंदरानं आनला आसंल.

दिशा : उंदीर तेलाची वाटी घेऊन येत नाही, मावशी.

लंकाबाई : मला काय इचारतीस, पोरी?

दिशा : मी रागावत नाहीये. मला फक्त कळायला पाहिजे, म्हणजे काम करता येईल.

लंकाबाई : म्याच घालते.

दिशा : कधीपासून?

लंकाबाई : त्यानं पयलं दार करायला घेतलं, त्या शनवारपास्नं. पाटचं उठायचं, आंगुळ करायची, कुनी जागं व्हायच्या आत तिळाचं तेल आन चार उडीद व्हायचे. ह्यो उभा लोखंडी खांब हाय ना, ह्याच्या डोक्यावर घातलं की कसं वघळत खाली येतं, देवावरनं येतं तसं. मनात म्हनायचे, देवा, पोराच्या पोटाचा प्रश्न हाय, दाराचा राग धरू नको.

दिशा : आणि ते ओघळून सगळं खाली स्क्रूमध्ये जायचं.

लंकाबाई : मला काय ठावं खाली काय हाय. आमच्या उमेदीत बायांना चौथऱ्यावर चढू देत न्हवते. लांबून हात जोडायचे, बास. आता चढत्यात, पन मला धीर हुत न्हाई. जल्मभर वाटायचं, आपल्या हातानं एकदा तेल घालावं. मंग हे काळं लोखंड घरात आलं. म्हनलं, लोखंड तर त्याचंच हाय.

दिशा : किती घालायचात?

लंकाबाई : पयलं चमचाभर. मंग फळ्या बिघडाया लागल्या, तवा पळीभर. चाकनचं बोलनं निघालं, तवापास्नं वाटी.

दिशा : मावशी, ऐका. तेल घातलं की उडणारा भुसा त्याला चिकटतो. त्याचा लगदा होतो आणि स्क्रू अडतो. कॉम्प्युटर मोटरला सांगतो, शंभर पावलं चाल. ती अडखळते, नव्वदच चालते. पण कॉम्प्युटरला हे कोणी सांगत नाही. त्याला वाटतं शंभर झाली. तो तिथून पुढे कोरायला लागतो. म्हणून मान एकीकडे आणि अंग एकीकडे. दोन-तीन दिवस चालून चालून लगदा कडेला सरतो, मग गुरुवारी नीट चालतं. आणि परत शनिवार येतो.

लंकाबाई : म्हंजी मी जितकं घातलं तितकं ते बिघडलं.

दिशा : हो.

लंकाबाई : आन जितकं बिघडलं तितकं मी घालत गेले.

दिशा : हो, मावशी.

लंकाबाई : माज्याच हातानं म्या पोराला गाव सोडाया लावलं. त्यो घरात ऱ्हावा म्हनून घातलं गं म्या. दुसरं काय बी मागितलं न्हाई.

दिशा : रडू नका. मशीन मोडलेलं नाही. धुतलं की नीट होईल. माझ्या आईचं सांगू? मला नोकरी लागली तेव्हा तिने चर्चमधून पवित्र पाणी आणलं आणि माझ्या हत्यारांच्या पेटीवर शिंपडलं. सगळं वीज मोजायच्या मीटरमध्ये गेलं. पहिल्याच दिवशी मी कारखान्यात मीटर काढला, तर बंद.

लंकाबाई : मंग तू काय म्हनलीस तिला?

दिशा : काही नाही. नवीन मीटर घेतला. तिला अजून माहीत नाही. ती सगळ्यांना सांगते, दिशाला पाणी लाभलं.

लंकाबाई : गोरक्षला बी नको सांगू.

दिशा : मी म्हणेन चुकीचं तेल गेलं होतं. कोणी घातलं ते कशाला. घरात डिझेल आहे का?

लंकाबाई : इंजिनाच्या डब्यात आसंल.

दिशा : आणा. एखादं जुनं सुती फडकं आणि दात घासायचा जुना ब्रश आणा. तुम्ही रेल पुसा, मी आटे साफ करते. चारच्या आत व्हायला पाहिजे.

लंकाबाई : मी हात लावू मशीनला?

दिशा : चार महिने लावताय की.

(दीड तासानंतर. मशीन सुरू आहे. त्याखाली सागाचा एक उरलेला तुकडा लावलेला. गोरक्ष आत येतो.)

गोरक्ष : आई, टेम्पो निघालाय. हे कोन? मशीन कुनी चालू केलं?

लंकाबाई : श्रीरामपूरच्या बाई हायेत. छगनशेठनं धाडलंय, बघायला.

दिशा : नमस्कार दादा. मी दिशा. तुमच्या कॉम्प्युटरमधला मोरच लावलाय. आवाज करू नका, मान येतेय आता.

गोरक्ष : मान आली की बगायचं कारन न्हाई. मला ठावं हाय काय हुतंय ते.

दिशा : दोन मिनिटं थांबा.

गोरक्ष : थांबतो. पन सरकनारच बगा.

लंकाबाई : बसली रे. आंगावर बसली मान.

गोरक्ष : ताई, आज सोमवार हाय.

दिशा : हो. आणि हा दुसरा मोर. पहिला तो तिकडे ठेवलाय, तोही नीट आलाय.

गोरक्ष : काय केलं तुमी?

दिशा : स्क्रू आणि रेल डिझेलने धुतले. आट्यांमध्ये चुकीचं तेल जाऊन भुशाचा लगदा झाला होता. मोटर अडकत होती. बाकी मशीनला काही झालेलं नाही.

गोरक्ष : तेल? मी तर ह्याला थेंबभर तेल घातलं न्हाई कदी.

दिशा : थेंबभरही नाही?

गोरक्ष : न्हाई.

दिशा : दोन वर्षांत?

गोरक्ष : मला वाटलं, लाकडाचं काम, तेलाचे डाग पडतील.

दिशा : दादा, मशीनबरोबर पुस्तक आलं असेल ना? त्यात लिहिलेलं असतं. दर आठवड्याला भुसा झाडायचा, पुसायचं आणि स्क्रूला मशीनचं तेल द्यायचं. तुम्ही वायरी बदलल्या, कॉम्प्युटर बदलला, पण हे कव्हर एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं.

गोरक्ष : पुस्तक इंग्रजीत हुतं. चित्रं बगून ठिवून दिलं. पन मी घातलं न्हाई, मंग हे तेल आलं कुटून?

दिशा : ते आता कसंही आलं असेल. वातावरणात—

लंकाबाई : म्या घातलं.

दिशा : मावशी.

लंकाबाई : ऱ्हाऊ दे, पोरी. तुज्या आईला तू सांगितलं न्हाई, ते ठीक हाय, तिच्यापाई कुनाचं घर मोडत न्हवतं. गोरक्ष, दर शनवारी म्या मशीनवर तेल घालत हुते. तिळाचं. तू दारं कराया घेतली तवापास्नं. तुज्यावर देवाचा राग नको म्हनून. त्यानंच बिघडलं. देवानं काय केलं न्हाई, म्या केलं.

गोरक्ष : चार म्हयने?

लंकाबाई : व्हय.

गोरक्ष : चार म्हयने मी राती पडल्या पडल्या आढ्याकडं बगत हुतो. म्हनायचो, बापाच्या हातात जे हुतं ते माज्यात न्हाई. पटाशी जमली न्हाई, आता मशीनबी जमंना. रेश्माला म्हनलो, माजा हातच लाकडाला चालत न्हाई. आन तू हितंच, माज्या पुढ्यात बसून भाकरी वाढत हुतीस.

लंकाबाई : मला ठावं न्हवतं रे, तेलानं हुतंय म्हनून.

गोरक्ष : तेल घालतीस येवढं तरी बोलायचं.

लंकाबाई : तूच म्हनला हुतास, मशीनला हात लावायचा न्हाई.

गोरक्ष : मंग दारं करू नको असं तोंडानं म्हनायचं हुतं.

लंकाबाई : म्हनले आसते तर तू थांबला आसतास?

गोरक्ष : न्हाई.

लंकाबाई : मंग?

गोरक्ष : मंग भांडान झालं आसतं. दोन दिवस तू जेवली नसतीस. पन फळ्या वाचल्या आसत्या.

दिशा : दादा, एक सांगू? आठवड्याला तेल द्यायचं, हे त्यांचं बरोबरच होतं. तेल तेवढं चुकलं. तुमच्याकडे पुस्तक होतं आणि तुम्ही काहीच दिलं नाही. माझ्या मते दोघांचं मिळून बिघडलंय.

गोरक्ष : तुमी छगनशेठला काय सांगनार?

दिशा : जे आहे ते. मशीन उत्तम आहे. दहा वर्षं चालेल. विकायचं की नाही, ते तुम्ही त्यांना सांगा. त्यात मी पडत नाही.

लंकाबाई : सांग तू पन त्याला, विकू नको म्हनावं.

दिशा : मावशी, मी आल्यापासून तुम्ही मला काय काय सांगायला लावताय.

गोरक्ष : थांबा, फोन करतो. हॅलो, अमृत? कुटवर आलास? घोडेगावच्या चौकात? तितनंच माघारी फीर. न्हाई न्हाई, भाडं देतो तुजं. न्हाई न्यायचं मशीन. व्हय, पक्कं. दुरुस्त झालं. अरे काय न्हाई, तेलाचं कायतरी हुतं. आईनं शोधून काढलं. ठिवतो.

लंकाबाई : म्या कुटं शोधलं?

गोरक्ष : गावात तसंच सांगायचं.

लंकाबाई : आन चाकन?

गोरक्ष : त्यांना बी करतो फोन. आधी रेश्माला करतो, न्हाईतर तिची आई सगळ्या वस्तीत पेढे वाटून बसंल. आई, पन एक हाय. छगनशेठचं दार अर्धवट पडून हाय. ते मला पुरं करावं लागंल. ह्याच घरात.

लंकाबाई : कर.

गोरक्ष : मनापास्नं म्हनतीस का?

लंकाबाई : मनाला अजून वाईच लागतंय, खोटं कशाला बोलू. पन शेवगावचं घर शेवगावात हाय. त्येंना दार लागतं, आपल्याला लागत न्हाई. त्यावर मोर मातर नीट बसव.

दिशा : मी निघते मग. ही लहान बाटली ठेवून जाते, मशीनचं तेल आहे. संपली की नगरला मिळेल, हा वरचा नंबर दाखवायचा. आधी ब्रशने भुसा झाडायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं, मग स्क्रूवर चार थेंब. आठवड्यातून एकदा, वार कुठला का असेना. पण चुकवायचं नाही.

गोरक्ष : द्या. ही आईकडं द्या.

लंकाबाई : माज्याकडं?

गोरक्ष : माज्याच्यानं दोन वरसं झालं न्हाई. तुजा एकबी शनवार चुकला न्हाई. आता तूच बग.

लंकाबाई : मंग शनवारीच घालू?

गोरक्ष : शनवारीच घाल.

लंकाबाई : चार थेंब.

गोरक्ष : चार. पाचवा न्हाई.

लंकाबाई : आन उडीद?

गोरक्ष : उडीद न्हाई, आई.

लंकाबाई : बरं. मंग आंगुळ करून घालायचं, का तसंच घातलं तरी चालतंय?

गोरक्ष : आंगुळ करून घाल.